चौदा नंबरची खोली

७ नोव्हेंबर

थोरल्या,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. कागद लहान आणि माझं अक्षर मोठं. तू शाळेचे दाखले मागवले होतेस त्या चिठ्ठीवरून पत्ता घातला आहे. पाकिटावर पत्ता घालायचं काम तुझी आई करायची, त्यामुळे मला धास्ती वाटते. आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. तुझा फोन लावला की एक बाई सांगते, हा क्रमांक वापरात नाही. तिच्याशी मी आता भांडत नाही. आधी भांडलो होतो.

तब्येत बरी आहे, म्हणजे गुडघा सोडून. पण पत्र तब्येतीसाठी नाही. धाकटी अडचणीत आहे, आणि अडचण तुझ्या हातच्या कामातली आहे. लगेच कागद फेकू नकोस, वाच आधी.

संगणकाच्या गाभ्याचं, ते कर्नेलचं काम तू सोडून गेलास आणि नेटवर्कमधला तुझा भाग तिच्याकडे आला. तिने तुझी खुर्ची बळकावली असं तू म्हणालास. ती म्हणते, खुर्ची रिकामी होती, काम अंगावर पडलं. मी त्यात पडत नाही. मी सातवी शिकलेला, जन्म लॉजच्या काउंटरवर गेला, तुमच्यातलं मला काय कळणार! तर कुठल्याशा संशोधकाने तिला कळवलं आहे की त्या भागात एक भोक आहे. तिथून चोर शिरला की सगळं मशीन त्याचं. आणि हा गाभा कुठे कुठे आहे ते तूच मला मोठ्या ऐटीत सांगितलं होतंस: इस्पितळात, बँकेत, पाणी सोडायच्या केंद्रात.

मला काही उमगेना, तेव्हा तिने चहा पिता पिता समजावलं. म्हणाली, "बाबा, तुमच्या लॉजचंच घ्या. चौदा नंबरचं गिऱ्हाईक खोली सोडून गेलं. चावी तुमच्या खिळ्यावर आली, तुम्ही खोली दुसऱ्याला दिलीत. पण वेटरला कोणी सांगितलंच नाही. त्याच्या खिशात जुनीच चिठ्ठी, नऊ वाजता चौदात नाश्ता. तो गेला, ट्रे ठेवला, आणि जुनंच गिऱ्हाईक समजून परक्याशी बोलून आला."

मी म्हटलं, "माझ्या काउंटरवर असं एकदाही झालं नाही."

"तुमच्या नाही हो झालं. दादाच्या झालं."

तिच्या तोंडून 'दादा' किती दिवसांनी ऐकलं. मी चहाच पाहत बसलो.

"खोली म्हणजे मेमरी," ती म्हणाली, "आणि वेटर म्हणजे टायमर. जोडणी बंद झाली, मेमरी दुसऱ्याला दिली, तरी हा आपल्या वेळेला उठून तिथे जातोच. आता नवा माणूस चोर असला तर? नऊला दार वाजणार हे त्याला ठाऊक असेल तर तो मुद्दाम चौदाच मागून घेईल. वेटर जे विचारेल त्याला हो म्हणेल. मग मालकाच्या कपाटाची चावीसुद्धा त्याच्या हातात."

हे सात जणांनाच ठाऊक आहे. एक दिवस ठरला आहे, त्या दिवशी दुरुस्ती आणि बातमी बरोबरच बाहेर पडायची. त्याआधी फुटलं तर चोरांना भोक ठाऊक आणि लोकांकडे बूच नाही. "बाबा, भिंतीलाही सांगायचं नाही," असं तिने बजावलं आहे. भिंतीला मी सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे. तू घरचा आहेस, आणि लिहिलेलंही तुझंच आहे.

त्या भागात एका ओळीच्या डोक्यावर तू लिहून ठेवलं आहेस: इथे थांबायचं नाही. का थांबायचं नाही ते लिहिलेलं नाही. ती तिथेच अडली आहे. एवढंच कळव. तिला नको, मला कळव, मी तिला सांगेन. तुझं नाव घ्यायचं की नाही तेही सांग.

बाबा


१४ नोव्हेंबर

थोरल्या,

उत्तर नाही. टपाल रेंगाळतं हे धरून चाललो आहे.

तरी एक गोष्ट बरी झाली. धाकटीनेही तुला लिहिलं होतं. त्यांच्यात रीत आहे ना, जुन्या कामाला हात लावला की मूळ माणसाला कळवायचं. भोकाचं अक्षर न लिहिता तिने फक्त 'मला फोन कर' एवढं ईमेलवर पाठवलं. ते परत आलं. असा कोणी इथे नाही म्हणे. माझं पत्र परत आलेलं नाही. म्हणजे ते तुझ्या हातात पडलं. मला मनातून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. टपालखात्याला मी उगाच शिव्या देत होतो.

इकडे तिने थांबायचं करून पाहिलं. म्हणजे वेटर परत येईपर्यंत खोली सोडायचीच नाही. मशीन जागच्या जागी गोठलं. पडद्यावरचं काही हलेना. तिच्या खोलीत टेबलाखाली पाच मशीन मांडली आहेत, पाचही तशीच. तिने सगळ्यांच्या वायरी उपटल्या आणि डोकं धरून बसली.

त्यांचं काम तपासणारा एक आहे, दुसऱ्या शहरातला. आम्ही त्याला फौजदार म्हणतो. तुझ्या वेळीही तोच होता बहुतेक, कशालाही सहजासहजी हो म्हणत नाही तो. फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो, त्यामुळे मी ऐकतो म्हणण्यापेक्षा मला ऐकू येतं. तो म्हणाला, "ही ओळ तुझ्या भावाने काही झोपेत लिहिलेली नाही. त्यालाच विचार."

"त्याच्या लेखी मी मेले आहे."

"मेलेलीला काय भीती? विचार की."

ती हसली. मग म्हणाली, "आणि दुरुस्तीखाली चूक कुठल्या बदलातून आली ती ओळ घालावी लागणार. त्याचाच बदल आहे."

मी तिला नंतर विचारलं, ती ओळ नाही घातली तर? मुलाचं नाव जन्मभर चुकीखाली राहणार का? ती म्हणाली, "बाबा, ती ओळ कोणाला शिव्या द्यायला नसते. भोक कधी पडलं ते त्या ओळीवरून कळतं, आणि मग तेव्हापासूनच्या सगळ्या जुन्या मशीनना औषध पोचतं. ओळ गाळली तर जुन्यांना औषधच मिळायचं नाही."

हे मला पटलं. तरी वाईट वाटलं. तूही वाईट वाटून घेऊ नकोस, शिव्या नाहीत त्या.

बाबा


२१ नोव्हेंबर

थोरल्या, माझ्या राजा,

तुझं पत्र आलं! धाकटी घरात होती म्हणून ते मी संडासात जाऊन वाचलं. मग बाहेर येऊन पाणी प्यायलो आणि परत आत जाऊन वाचलं. तिला वाटलं माझं पोट बिघडलं. तिने गोळी दिली, मी घेतलीसुद्धा.

चार ओळी, त्याही छापील. 'बाबा, पत्रं मिळाली. मी बरा आहे. भाग नक्की कोणता आणि ठरलेला दिवस कोणता ते कळवा, म्हणजे पाहून सांगतो.' गुडघ्याची चौकशी नाही, आईचा उल्लेख नाही, खाली सहीसुद्धा नाही. चालेल. कामाचा माणूस कामापुरतं लिहितो. 'बाबा' लिहिलंस, माझं पोट त्यातच भरलं.

खरं सांगायचं तर तुझ्या उत्तरावाचून आता काही अडलेलं नाही. तुझी ओळ तिला उमगली. वेटर काउंटरपाशी चावीसाठी उभा, काउंटरवाला म्हणतो वेटर मोकळा झाल्याशिवाय मी हलणार नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत उभे, लॉज बंद. म्हणून तू थांबायचं नाही लिहिलंस. ती फौजदाराला म्हणाली, "दादाचं अर्धं बरोबर होतं." फौजदार म्हणाला, "अर्ध्या बरोबरनेच माणसं मरतात." पण आवाज नरम होता.

आता तिने बिल्ले काढले आहेत. ज्याचं ज्याचं त्या खोलीत काम आहे त्याने खिळ्यावर आपला एक बिल्ला टांगायचा. काम झालं की आपला काढून न्यायचा. शेवटचा बिल्ला काढणाऱ्याने खोली रिकामी झाली म्हणायचं, तोवर ती कोणालाही द्यायची नाही. कोणी कोणासाठी थांबायला नको. मला हे फार आवडलं. आमच्या मालकाला सांगितलं असतं तर त्याने बिल्ल्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले असते.

तरी तू पाहाच. तुमच्यात जो तपासतो त्याचंही नाव दुरुस्तीखाली लागतं. चुकीच्या ओळीत तुझा बदल आहेच. त्याच्याच खाली 'तपासलं' म्हणून तुझं नाव लागलं तर तुम्ही दोघं एका ठिकाणी याल. बाकी मला काही नको.

भागाचं नाव मला सांगता येईना. म्हणून ती अंघोळीला गेली तेव्हा तिच्या खोलीतल्या फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतलं. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी काढतो, त्यामुळे घाई झाली, पण बाणसुद्धा सोडलेले नाहीत, कुठून निघतात आणि कुठे टोचतात ते सगळं आहे. सोबतचा कागद पाहा. दिवस तीस तारखेचा.

तुझी गादी उन्हात टाकली आहे. धाकटीने विचारलं, ही कशाला? मी म्हटलं, ढेकूण.

बाबा


२५ नोव्हेंबर

थोरल्या,

घाईत लिहितो आहे. हे पत्र मिळताच उत्तर दे.

ते फुटलं. आज सकाळी कोणीतरी सगळ्यांना दिसेल असं मांडलं आहे, कुठला भाग, कसं शिरायचं, सगळं. दुरुस्ती अजून कोणाच्या मशीनवर गेलेली नाही. धाकटीचा चेहरा मला पाहवत नाही. ती सारखी म्हणते, "सातातला एक फुटला. सातातला एक."

फौजदाराशी भांडण झालं. ती म्हणाली, "तुझ्या कचेरीत किती जण तुझ्या खांद्यावरून बघतात ते मला माहीत आहे."

"माझ्या? तुझ्या भावाची घाण मी इतकी वर्षं निस्तरली, कोणाला एक शब्द बोललो नाही, आणि मी फुटीन?"

"मग कोण? मी?"

"ते तूच सांग," म्हणाला आणि फोन ठेवला. एरवी फोन ठेवण्याआधी 'काका कसे आहेत' विचारतो. आज विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. घासलेलीच परत घासली.

मी तिला काही बोललो नाही. बोलायचं तर काय बोलायचं? तू कशाला कोणाला सांगशील? तुझंच नाव आहे त्यात. तू फक्त मला एका ओळीत 'नाही' असं लिही. छापील चालेल. 'नाही, बाबा' एवढं पुरे. मग मी निश्चिंत. मग मी तिच्यासमोर ताठ बसेन.



बाबा


४ डिसेंबर

त्या खोलीत आता राहणाऱ्या गृहस्थांना,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्हाला माझं सगळं माहीत आहे, गुडघ्यापासून.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि तुम्ही माझी पत्रं लक्ष देऊन वाचता हे सिद्ध झालेलं आहे.

सव्वीस तारखेला सकाळी फौजदाराचा फोन आला. भांडण बाजूला ठेवून म्हणाला, ज्याने मांडलं आहे त्याची भाषा नीट वाचू, सातातला कोण ते त्यावरून कळेल. माझी मुलगी मोठ्याने वाचू लागली. मी दारात उभा होतो. तुम्ही आधी अवघड अवघड लिहिलं होतं, आणि मग लोकांना सोपं जावं म्हणून लिहिलं होतं, 'समजा, एक लॉज आहे. चौदा नंबरचं गिऱ्हाईक खोली सोडून गेलं आहे.'

ती थांबली.

फोनमधून फौजदार म्हणाला, "पुढे? वाच ना."

"ठेवते मी," ती म्हणाली.

ती खुर्चीवरच माझ्याकडे वळली. ओरडेल म्हणून मी भिंतीला टेकलो. तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, चौदा नंबर मी कोणाला सांगितला होता?"

"मला."

"आणि तुम्ही?"

"थोरल्याला. फक्त थोरल्याला. दुसऱ्या कोणाला नाही, शपथ."

यावर ती काय म्हणाली असेल? तुम्हाला वाटेल शिव्या. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दादाचा पत्ता आहे तुमच्याकडे?" चेहरा असा झाला होता, लहानपणी तो शाळेतून आला की व्हायचा तसा. "तो लिहितो तुम्हाला? काय लिहितो?"

मी तुमच्या चार ओळी आणून दिल्या. तिने वाचल्या. मग परत पडद्याकडे गेली आणि तुमचं खालपर्यंत वाचलं. शेवटी तुम्ही लिहिलं होतं की आधीच्या भाडेकरूच्या नावाने एका खुळ्या म्हाताऱ्याची पत्रं येतात, म्हातारा खुळा असला तरी माहिती पक्की आहे. हे मला दिसू नये म्हणून तिने संगणक मिटला. मला दिसलं होतं. सातवी झाली आहे माझी.

दुरुस्ती त्याच दिवशी बाहेर काढली. तपासणी अर्धी राहिलेली, तशीच. तरी सगळीकडे पोचायला दिवस गेले आणि तेवढ्यात जे शिरायचे ते शिरले. एका इस्पितळातली मशीन बंद पडली होती. कोणी दगावलं का, मी विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. आपल्याला कळणारही नाही."

बाकीच्या सहाही जणांना तिने स्वतः लिहिलं की माझ्या घरातून फुटलं. कोणी वाईट बोललं नाही. फक्त यापुढे अशा गोष्टी तिला कळवायच्या नाहीत असं ठरलं. तिचा भाग फौजदाराकडे गेला. त्याला तो नको होता. फोनवर तो म्हणाला, "काकांवर ओरडू नकोस."

"ओरडले नाही," ती म्हणाली. "ओरडायला बोलावं लागतं."

मी तिथेच होतो, ताटं मांडत होतो.

तुमच्यावर रागावण्याचा मला हक्क नाही. खोली तुमची, दारातून आत आलेलं तुमचं. परक्याच्या खोलीत ट्रे घेऊन मीच गेलो, आणि एकदा जाऊन भागलं नाही. काउंटरवर इतकी वर्षं काढली, गिऱ्हाईक गेलं की खिळ्याकडे न पाहता चावीच्या आवाजावरून ओळखायचो. स्वतःचा मुलगा खोली सोडून गेला ते मला कळलं नाही.

दुरुस्तीखाली शेवटी काय लागलं तेही सांगतो, तुम्ही पाहिलं असेलच. माझ्या मुलीचं नाव. फौजदाराचं नाव. चूक कुठून आली त्या ओळीत माझ्या मुलाचा बदल. त्याच्याखाली त्याचं दुसऱ्यांदा नाव नाही. दोघं एका ठिकाणी आली ती एवढीच.

तो कुठे गेला ते घरमालकाला विचाराल का? त्याने काही मागे ठेवलं होतं का, भिंतीवर, कपाटात, काहीही? तुम्ही येण्याआधी खोली किती दिवस रिकामी होती? तो बरा होता का, एवढं तरी शेजारी कोणी सांगेल. मला आता खरं काय खोटं काय पारखता येणार नाही, तरी विचारतो. कळवलंत तर वर 'बाबा' लिहू नका.

आणि कळवणं जमलं नाही तर निदान एक करा. त्याच्या नावाने माझं पाकीट आलं की हातात घेऊ नका. 'असा कोणी इथे नाही' असं लिहून परत लावा. मी लिहिणार. मला दुसरा पत्ता माहीत नाही, आणि घरात कोणी बोलत नाही. पाकीट परत आलं की मी समजेन. ते तुम्ही ठेवून घेतलंत, तर इकडे दोन-चार दिवसांनी मला पुन्हा वाटू लागेल की त्याला मिळालं.

आपला,
आधीच्या भाडेकरूचा बाप